मागच्या चाकाचा हब बदलताना

माझदाची एमएक्स-५ ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी अमेरिकेत मियाटा म्हणून ओळखली जाते. १९८९ ते २००५ दरम्यानच्या तिच्या पहिल्या दोन पिढ्या आजही हौशी लोक ट्रॅकवर पळवतात, आणि मग मागची बेअरिंग झिजतात.

चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग म्हणजे हब. तो बेअरिंगमध्ये दाबून बसवलेला असतो आणि बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे सस्पेन्शनला जोडलेल्या ओतीव भागात. वेगाबरोबर चढणारी आणि वळणावर सूर बदलणारी घरघर ऐकू आली, की आपण चाक उचलून हलवून पाहावं. खेळ हबमध्येच आहे, सस्पेन्शनच्या सांध्यांत नाही, याची खात्री करावी.

गाडी जमिनीवर असताना हँडब्रेक ओढून ॲक्सल नट सैल करावा. त्याची कड ॲक्सलच्या खाचेत ठोकलेली असते. ती आधी छिन्नीने उचलावी, नाहीतर नटाबरोबर आटेही खरवडले जातात. २९ मिमीचा सॉकेट आणि लांब दांडा लागतो. नट फक्त सैल करावा, आणि त्यानंतर गाडी ढकलू नये.

गाडी स्टँडवर घेऊन हँडब्रेक सोडावा. कॅलिपर तारेने टांगावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. मग डिस्क काढावी.

ॲक्सल अडला तर नट टोकापर्यंत आणून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोकावं. उघड्या आट्यांवर हातोडी नको.

नकल उतरवताना खालचा लांब बोल्ट छळतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तो बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटतो. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं.

आता हायड्रॉलिक प्रेस. हब बाहेर येताना बेअरिंगची आतली कडी बहुधा त्यालाच चिकटून येते. आपण हबही नवा घेतलाय, त्यामुळे ती सोडवण्याची कटकट वाचते. अडकण-कडी (सर्कलिप) काढून जुनं बेअरिंग दाबून काढावं.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. नवं बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर हवा. मग सर्कलिप परत बसवावी. हब दाबताना मात्र मागून आतल्या कडीला आधार द्यावा. हे उलटं झालं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, कड्यांवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच फेरीत घरघरतं. प्रेस नसेल तर नकल वर्कशॉपमध्ये न्यावी. हातोडीने हे काम होत नाही.

सगळं जोडल्यावर नट नवाच लावावा. बेअरिंगच्या आतल्या दोन कड्या एकमेकींवर घट्ट धरून ठेवणं हे त्याचंच काम. मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून टॉर्क पान्ह्याने २१६ ते २९४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. इम्पॅक्ट गनचा अंदाज इथे चालत नाही. शेवटी कड खाचेत ठोकावी.

चाकाचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटरला आवळावेत आणि एक फेरी मारून आल्यावर पुन्हा तपासावेत. कड ठोकलेल्या ॲक्सल नटाला मात्र परत हात लावू नये.