दंश पायाला, घाव काळजाला

वऱ्हाडात ‘इचू’ म्हटले की माणूस आधी पायाखाली पाहतो. बुलढाण्याहून संभाजीनगरच्या वाटेवर धाड लागते. तेथे धुऱ्यावरचे दगड, गोठ्यातला कडबा, घरामागे रचलेल्या पऱ्हाट्या ही सारी विंचवाची बिऱ्हाडे. काळा इंगळी विंचू दिसायला भयंकर; पण जीव घेतो तो बहुधा आकाराने लहान असा तांबडा. तो डसतो पायाला आणि माणूस दगावतो हृदय थकल्यामुळे!

हे घडते कसे? विष थेट हृदय कुरतडते, अशी आपली समजूत. खरे पाहता ते चाळवते मज्जातंतूंना. त्यामुळे ॲड्रिनॅलिन आणि त्याच्या भावंडाचा शरीरात पूर लोटतो. वाघ पाठीस लागला असता घटकाभर उपयोगी पडावे असे हे द्रव्य तासन्‌तास पाझरत राहते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो.

आता हृदयाच्या एका स्नायुपेशीत डोकावू या. दिवसाला लाखभर ठोक्यांचा भार वाहणाऱ्या या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी व्यापलेला असतो. त्या म्हणजे प्राणवायूवर चालणाऱ्या चुलीच. चूल बेताने पेटली तर स्वयंपाक, भडकली तर ठिणग्या. या ठिणग्यांना शास्त्रज्ञ मुक्तमूलके म्हणतात; शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओरबाडणारे हे भुकेले कण. एरवी पेशी त्यांना विझवते. त्या कामाचे एक विकर १९६९ साली अमेरिकेत मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखले. पण ॲड्रिनॅलिनचा मारा चालू असता पेशीत कॅल्शियम घुसते, चुली भडकतात. शिवाय जादा ॲड्रिनॅलिन स्वतःच प्राणवायूशी संयोग पावून घातक द्रव्ये बनवते. पेशीचे पटल स्निग्ध असते. बरणीत राहिलेले शेंगदाण्याचे तेल खवट होते ना, तसेच काहीसे त्या पटलाचे होते. पेशी दुबळ्या होतात, काही मरतात. पुढे आवळलेल्या वाहिन्या, मागे थकलेले हृदय; मग रक्तातले पाणी फुप्फुसांत उतरते आणि रोगी कोरड्या अंथरुणावर बुडू लागतो.

धाडच्या पुढे जिल्हा संपतो आणि जालन्याचा भोकरदन तालुका लागतो. तेथल्या देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी कोकणात तांबड्या विंचवाच्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसेक दगावत. डॉक्टरांनी रुग्ण बारकाईने पाहिले आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये धोक्याच्या पूर्वखुणा मांडल्या: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. मराठीच्या मास्तराला येथे एकनाथांचे विंचवाचे भारूड आठवल्यावाचून राहत नाही. नाथांचा विंचू कामक्रोधाचा. पण घाम त्यांनीही टिपला आहे!

उपाय निघाला तो साधा. प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करते आणि हृदयावरचे ओझे उतरवते. डॉक्टरांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ती वापरली, आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. पुढे प्रतिविषाची जोड मिळाली. दोन्ही मिळून रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे २०११ साली त्यांनीच दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कोणी म्हणेल, ठिणग्याच विझवायच्या तर जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्यात की! नेहमीच्या हृदयविकारासाठी ब्रिटनमध्ये हे करून झाले. वीस हजारांवर लोकांना घेऊन पाच वर्षे ई, सी आणि बीटा-कॅरोटीनची परीक्षा केली. २००२ साली निकाल लागला तो शून्य. औषधांच्या दुकानातल्या रंगीत बाटल्यांवर मात्र त्याचा परिणाम झालेला दिसत नाही.

राहता राहिला मांत्रिक. त्याची कीर्ती अगदीच निराधार नाही. ज्याला नुसता ठणका आहे, तो बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. श्रेय मंत्राला जाते. पण ज्याचा ठणका थोडा आणि सदरा घामाने चिंब, त्याचे मोलाचे तास विंचू उतरवण्यात निघून जातात. तोच रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचला, तर त्याचे थकलेले हृदय बहुधा काही दिवसांत पुन्हा पहिल्यासारखे चालू लागते.