दुसऱ्या भागाने पाळायचा शब्द

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की हमरस्त्यावर नांदगाव पेठ लागतं. औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प यांमुळे हे नाव आता महाराष्ट्रभर पोचलं आहे. मोठा पडदा पाहायचा तर इथली वाट अमरावतीची. त्या शहराला सिनेमाचं वेड किती जुनं, हे राजकमल, चित्रा, सरोज या चौकांच्या नावांवरूनच कळतं. ती टॉकीजवरून पडली आहेत. दिवाळीच्या सुटीत पोरासोरांना घेऊन पिच्चरला जायचं, हे या भागातल्या कितीतरी घरांत ठरलेलं असतं.

परतीच्या वाटेवरच पिच्चरचा निकाल लागतो. तो एखाद्या सुपरहिरोचा पुढचा भाग असला, तर निकालाचं वाक्य बहुधा एकच असतं : “पयल्यावानी मजा नाई आली.” अनेक जाणकार या वाक्याकडे दुर्लक्ष करतात, लोकांना जुनंच गोड लागतं, असं म्हणून सोडून देतात. मला ते अन्यायाचं वाटतं. या चार शब्दांत प्रेक्षकाने एक नेमका हिशेब मांडलेला असतो. पहिल्या भागाने निरोप घेताना जो शब्द दिला होता, तो दुसऱ्याने पाळला की नाही, याचा तो हिशेब.

२०१३ ची दिवाळी

आपल्याकडचं सगळ्यांत ठळक उदाहरण ‘क्रिश ३’चं. राकेश रोशन यांचा हा चित्रपट १ नोव्हेंबर २०१३ रोजी, ऐन धनत्रयोदशीला लागला. रविवारी लक्ष्मीपूजन, त्यामुळे लोक घरी. सोमवारी पाडव्याला थिएटरं पुन्हा भरली. नावापासूनच चर्चा सुरू झाली होती. २००६ च्या ‘क्रिश’नंतर एकदम ‘क्रिश ३’ आला, मग दोन नंबरचा गेला कुठे? उत्तर असं, की २००३ चा ‘कोई... मिल गया’ हा पहिला भाग धरला होता.

हे उत्तर नीट पाहिलं तर प्रेक्षकांची मतंही उलगडतात. ‘कोई... मिल गया’मध्ये सुपरहिरो नव्हताच. बुद्धीची वाढ खुंटलेला रोहित होता, त्याची आई होती आणि परग्रहावरचा जादू होता. ‘क्रिश’मध्ये रोहितचा मुलगा कृष्णा मुखवटा चढवतो, पण चित्रपट संपतो तो अनेक वर्षं कैदेत असलेल्या बापाला, रोहितला, कृष्णा सोडवून आणतो आणि रोहित आपल्या म्हाताऱ्या आईला परत भेटतो तेव्हा. म्हणजे शेवटी शब्द मिळाला होता तो बापलेकाचा.

तिसऱ्या भागात काल नावाचा खलनायक आला, माणूस आणि जनावर यांच्या मिश्रणातून जन्मलेले ‘मानवर’ आले, रूप बदलणारी काया आली. हॉलिवूडचे ‘एक्स-मेन’ पाहिलेल्यांनी लगेच ओळख पटवली : खुर्चीला खिळलेला, पण मनाची अफाट ताकद असलेला माणूस आणि क्षणात दुसऱ्याचं रूप घेणारी बाई त्यांनी आधी पाहिली होती. गाणी मागच्या दोन भागांइतकी जमली नाहीत, ही तक्रारही सर्रास झाली. लहान मुलं मात्र उंच इमारतींमधल्या मारामारीवर खूश होती.

पण अनेकांच्या मनात राहिला तो रोहित. साठीकडे झुकलेला, अजूनही लहान मुलासारखा हसणारा रोहित शेवटी मुलाला वाचवण्यासाठी स्वतःचा जीव देतो. नक्कल म्हणून नाकं मुरडणारेही त्या प्रसंगाला हेलावले. जिथे चित्रपटाने बापलेकाचा शब्द पाळला, तिथे लोकांनी मोकळ्या मनाने दाद दिली. जिथे दुसऱ्यांच्या गोष्टीतून उसनवारी केली, तिथे तेच लोक कडक झाले. एकाच तिकिटावर, एकाच प्रेक्षकाने दिलेले हे दोन निकाल आहेत आणि दोन्ही मला बरोबर वाटतात.

जगभरचा हिशेब

अमेरिकेत हे मत रीतसर मोजलं जातं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला सुरू झालेली सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून छोटी कार्डं भरून घेते आणि ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी देते. २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’च्या शेवटी निम्मे नायक धूळ होऊन नाहीसे झाले. प्रेक्षक सुन्न झाले, तरी त्यांनी ‘ए’ दिला, कारण गोष्ट पुरी होणार हे त्यांना माहीत होतं. वर्षभरात ‘एंडगेम’ आला, राहिलेला हिशेब चुकता झाला आणि श्रेणी मिळाली ‘ए प्लस’.

याच्या उलट ‘जोकर’चं झालं. बॅटमनच्या चित्रकथांमधल्या खलनायकावरचा २०१९ चा चित्रपट संपतो तेव्हा जमाव त्याला डोक्यावर घेतो. २०२४ च्या दुसऱ्या भागात तोच माणूस कोर्टात सांगतो, की जोकर असा कुणी नाहीच. दिग्दर्शकाचा विचार धाडसी होता, यात शंका नाही. पण पहिल्या भागाने ज्या पात्राशी नातं जोडून दिलं, ते पात्रच काढून घेतलं. पहिल्या भागाला ‘बी प्लस’ देणाऱ्या प्रेक्षकांनी दुसऱ्याला ‘डी’ दिला.

आणि शब्द पाळण्याचा नमुना म्हणून मी २००४ चा ‘स्पायडरमॅन २’ सांगेन. ताकदीबरोबर जबाबदारी येते, हे पहिल्या भागाने शिकवलं होतं. दुसऱ्याने त्या जबाबदारीची किंमत दाखवली : भाड्याची चणचण, हातची गेलेली नोकरी, दुरावलेलं प्रेम. भरधाव रेल्वेगाडी थांबवून बेशुद्ध पडलेल्या पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला, उतारू हातांवर उचलून आत घेतात, त्याचा उघडा चेहरा पाहतात आणि कुणाला न सांगण्याचं वचन देतात. वीस वर्षांनंतरही दुसऱ्या भागांची चर्चा निघाली की हा प्रसंग निघतोच.

स्पायडरमॅन मराठीत

जून २०२३ मध्ये ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अ‍ॅनिमेशनपटांच्या वेगळ्या मालिकेतला पुढचा भाग भारतात दहा भाषांमध्ये आला आणि त्यांत मराठी होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं ‘मुंबॅटन’ शहर आहे आणि तिथला स्पायडरमॅन आहे पवित्र प्रभाकर. हे पात्र मूळचं २००४ च्या भारतीय चित्रकथेतलं. तिथला पवित्र गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकायला येतो आणि धोतर नेसून भिंती चढतो. वऱ्हाडातल्या खेड्यातून शिकायला बाहेर पडलेल्या कुठल्याही पोराला ही सुरुवात आपली वाटेल. मुंबॅटनची रंगसंगती बेतताना चित्रकारांनी आपल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा आधार घेतला. मराठीतून वेताळ आणि मँड्रेक वाचलेल्या पिढीला ते रंग ओळखीचे वाटणारच.

या चित्रपटाचं भरभरून कौतुक झालं. तक्रार आली ती शेवटाबद्दल. गोष्ट ऐन मोक्यावर तुटते आणि पुढचा भाग, जो २०२४ मध्ये यायचा होता, तो २०२७ पर्यंत लांबला. म्हणजे हा शब्द अजून थकीत आहे.

मत मोजायचं कुणी?

आपल्या मताची अशी रीतसर नोंद मात्र क्वचितच होते. सिनेमाच्या धंद्यात आजही आपल्या मुलखाला ‘सी.पी. बेरार’ म्हणतात. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत १९५० मध्ये इतिहासजमा झाला, १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला, तरी वितरणाच्या हिशेबात तो जुना मुलूख टिकून आहे. अमरावती आणि भुसावळ ही त्या व्यवहाराची मोठी ठिकाणं. तिथून वर जातो तो गल्ल्याचा आकडा. शुक्रवार ते रविवार किती जमले आणि सोमवारी किती उतरले, यावरून लोकांना आवडलं की नाही ते ठरवतात. तिकीट काढून नाराज झालेला आणि तिकीट काढून भारावलेला, दोघेही त्या आकड्यात सारखेच दिसतात. रोहितसाठी रडलेला आणि मानवरांना कंटाळलेला प्रेक्षक एकच होता, हे कुठलाही गल्ला सांगू शकत नाही.

२०२५ मध्ये जाहीर झालं, की ‘क्रिश ४’चं दिग्दर्शन क्रिशचं काम करणारा हृतिक रोशन स्वतः करणार. त्या चित्रपटाकडून वऱ्हाडी प्रेक्षकाची अपेक्षा काय असेल, हे ओळखणं अवघड नाही. रोहित आता नाही. त्याने दिलेल्या जिवाचं कृष्णाने पुढे काय केलं, ते तो विचारणार. आपणही घरच्या मुलांना “आवडला का?” एवढ्यावर सोडू नये. काय राहून गेलं, कुणाचं पुढे काय व्हायला हवं होतं, हे विचारावं आणि सांगतील ते पुरतं ऐकून घ्यावं. गोष्टीने दिलेला शब्द लक्षात ठेवून त्याचा जाब मागणारं पोर उद्या चांगला वाचक होतं, चांगला प्रेक्षक होतं, आणि त्याच्यासाठी लिहिणाऱ्यालाही मग वरवरचं लिहून चालत नाही.