हरणाऱ्या संघाची साथ

आपल्या शाळेचा संघ हरून आला, की पुढच्या सामन्याला किती जण जातात? एकदा मोजून बघा.

अमेरिकेत टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळ, प्रेअरी व्ह्यू विद्यापीठ आहे. १८७६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेलं. प्रशिक्षक बिली निक्स यांच्या काळात त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा (अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचा हा खेळ) मोठा दबदबा होता. पुढे पैशांची चणचण आली आणि १९९० चा हंगामच रद्द झाला. संघ परतला, पण खेळाडूंसाठी शिष्यवृत्ती नव्हती. १९८९ ते १९९८ या काळात हा संघ सलग ८० सामने हरला!

तरी मुलं खेळत राहिली, 'मार्चिंग स्टॉर्म' हे विद्यापीठाचं बँडपथक वाजवत राहिलं आणि आपली माणसं बघायला येत राहिली. २६ सप्टेंबर १९९८ ला लँग्स्टन विद्यापीठाविरुद्ध १४-१२ असा विजय मिळाला. २००९ मध्ये तर त्यांनी आपल्या विभागाचं विजेतेपदही पटकावलं.

यातून काय घ्यायचं? नुसत्या टाळ्यांनी सामने जिंकता येत नाहीत, हे खरंच. पण निष्ठा म्हणजे उणिवांकडे डोळेझाक नव्हे. संघ का हरतोय, बूट नाहीत की सराव नाही, हे विचारतो तोच खरा आपला माणूस. आणि मैदानावर पालक दिसले, की हरलेलं मूलही दुसऱ्या दिवशी सरावाला येतं.

तेव्हा पुढच्या सामन्याला नक्की जा. विशेषतः मागचा हरला असाल तर!