पासबुकावरील अकरा अक्षरे

शिष्यवृत्ती असो वा निवृत्तिवेतन, अर्जात बँकेचा ११ अक्षरी 'आय. एफ. एस. सी.' संकेतांक लिहावा लागतो. पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा शाखेची. मधले शून्य पुढील गरजेसाठी राखलेले आहे. (ते 'ओ' हे अक्षर नव्हे; ही चूक अनेकांकडून होते.)

रिझर्व्ह बँकेने १९९६ साली हैदराबाद येथे स्थापन केलेल्या बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेने २००१ मध्ये बँकांमधील संदेशवहनाची प्रणाली सिद्ध केली. प्रत्येक बँकेचे संगणक निराळे, त्यांवरील आज्ञावलीही निराळी. दहा बँकांनी परस्परांशी स्वतंत्र जोडणी करावयाची म्हटले तर ४५ जोडण्या होतात आणि तितक्याच तऱ्हा. म्हणून बँकेच्या अंतर्गत कारभारास हात न लावता केवळ संदेशाचा साचा सर्वांसाठी एक ठरविण्यात आला. पूर्वी मनिऑर्डरचा फॉर्म कोणत्याही टपालकचेरीत भरला तरी रकाने तेच असत, तसे हे आहे. संदेश कोणत्या शाखेचा, हे संकेतांकावरून कळते. २००५ साली 'एन. ई. एफ. टी.' सेवा सुरू झाली तेव्हा हीच प्रणाली व हेच संकेतांक कामी आले.

मात्र असा संकेतांक घरोघरी पोहोचल्यावर बदलणे जड जाते. हैदराबाद येथेच मुख्यालय असलेली आंध्र बँक १ एप्रिल २०२० रोजी युनियन बँकेत विलीन झाली आणि पुढे तिच्या शाखांचे संकेतांक बदलले. अर्जावर जुनाच संकेतांक राहिल्यास रक्कम परत जाऊ शकते. विलीन झालेल्या बँकांच्या खातेदारांनी शाळेत व तहसील कार्यालयात दिलेला संकेतांक नव्या पासबुकाशी ताडून पाहावा.