उष्म्यांत किडीचा वैरी आधीं मरतो

ट्रायकोग्रामा हा गांधीलमाशीच्या जातीचा सूक्ष्म कीटक उंसाच्या खोडकिडीच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालतो. त्यामुळें अळी जन्मासच येत नाहीं. परंतु असे परोपजीवी कीटक बहुधा किडीपेक्षां कमी उष्णता सोसतात. अमेरिकेंतील तंबाखूवरील अळी ज्या उष्म्यांत जगते, त्यांतच तिच्या पोटांतील कोटेशिया माशीचीं पिलें मरतात, असें प्रयोगांत आढळलें आहे. हवामान तापत चाललें असतां वैरी मेला कीं कीड मोकाट सुटणार! सबब शेतकरी बंधूंनीं ट्रायकोकार्डें भर दुपारीं न लावितां सायंकाळीं पानांच्या खालच्या बाजूस लावावीं. त्या सुमारास विषारी औषधाची फवारणी वर्ज्य करावी. पाचटाचें आच्छादन करावें; त्यानें जमीन थंड राहून खोडकिडीचा उपद्रवहि कमी होतो.