प्रस्ताव लिहायला बसण्याआधी

मी वरठीहून बोलतेय. अनुदान मिळणार असं कळलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "किती?" मग त्या रकमेत बसेल तसा कार्यक्रम ठरतो. आम्हीही तेच केलं होतं.

एका संस्थेकडून बायकांच्या साक्षरता वर्गासाठी पैसे आले. फळा, पाट्या, शिकवणारी मुलगी, सगळं तयार. वर्ग सुरू झाला जुलैत, दुपारी तीनला. भर रोवणीत! बायका बांधीत आणि वर्गात चौघी. दुसरा हप्ता आलाच नाही.

नंतर गटातली एक मावशी म्हणाली, "मले सई येते ना बाई. पण पैसे काढाची चिठ्ठी भराले दुसऱ्याच्या पोराले धरा लागते." आम्ही तिला अआइई शिकवायला निघालो होतो, तिची अडचण होती बँकेच्या खिडकीवर.

आता प्रस्तावाआधी आम्ही घरोघरी जातो. बँकेची कोरी चिठ्ठी देतो आणि भरून बघायला सांगतो. किती जणींना जमली, ते वहीत लिहितो. शेवटी तीच चिठ्ठी पुन्हा. "साक्षरता वाढेल" असं लिहिलं तर कुणालाच काही मोजता येत नाही. "तीसपैकी वीस जणी स्वतः चिठ्ठी भरतील" असं लिहिलं की आपल्यालाही पळवाट राहत नाही.

वेळापत्रक धानाला विचारून करा. रोवणीत आणि कापणी-चुरणीत वर्ग नको. डिसेंबरनंतर, रात्रीची जेवणं आटोपली की बायका येतात. उन्हाळी धानवाल्यांना मात्र वेगळं विचारा.

आता पैसा. केंद्राचा 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 असा आहे, 15 वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. त्यात शिकवणारे स्वयंसेवक असतात, मानधन नसतं. जवळच्या शाळेत चौकशी करा. शिकवण्याची सोय तिथून झाली, तर अनुदान मागायचं ते उरलेल्या गोष्टींसाठी: दिवा, चटया, आणि लेकरं सांभाळणारीचं मानधन. या शेवटच्या खर्चाला कुणी कात्री लावू लागलं तर भांडा, कारण मांडीवर लेकरू असलेली बाई त्याच्याशिवाय येतच नाही.

ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे मागणी मांडा आणि ठरावात लिहून घ्या. नुसतं तोंडी बोललेलं पुढच्या सभेपर्यंत टिकत नाही.

आणि मसुदा पाठवण्याआधी बैठकीत मोठ्याने वाचा. मागच्या वेळी मावशीने मला 'क्षमतावर्धन' या शब्दावर थांबवलं. तिला समजावून सांगताना मलाच नीट सांगता येईना. खोडला.