शिबिरासाठी मोठा तंबू



पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाऊ लागले, की वाटेत नेरे गाव लागते. जवळून गाढी नदी वाहते. भातकापणी झाली, की खाचरे मोकळी होतात. हिवाळ्यात मुलांचे शिबिर भरवावे अशीच ही जागा. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि गावातले शिबिर आता महाविद्यालयांच्या अंगवळणी पडले आहे. शाळेच्या खोल्या पुरल्या तर उत्तमच. नाही पुरल्या, तर तंबू हवा. दुसऱ्यांची मुले आपल्या भरवशावर तिथे निजणार, तेव्हा त्याची निवड केवळ दुकानदारावर सोपवून कसे चालेल?

पहिला प्रश्न जागेचा. तंबूवर 'दहा माणसांसाठी' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, दहाजण खांद्याला खांदा लावून कसेबसे निजतील, एवढाच! आपण आपला हिशेब करावा. एका अंथरुणाला साडेसहा फूट लांबी आणि अडीच फूट रुंदी लागते. पाच-पाच मुलांच्या दोन रांगा, मधे तीन फुटांची वाट आणि टोकाला सामान, असे धरले तर १६ फूट रुंद व १५ फूट लांब तंबू लागतो. म्हणजे माणशी २४ चौरस फूट झाले.

मग वीस मुलांसाठी एकच भलाथोरला तंबू घ्यावा का? मला विचाराल, तर दोन घ्यावेत. मोठ्या कापडावर वारा जास्त जोर करतो, उभारायलाही माणसे जास्त लागतात; आणि एक फाटला तर सगळेच उघड्यावर येतात. शिवाय मुलामुलींची सोय वेगळी करता येते. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर पहिले बालवीर शिबिर भरवले, तेव्हा सुमारे वीस मुलांच्या चार तुकड्या पाडल्या होत्या. लहान तुकडीवर लक्ष ठेवणेही सोपे जाते, हा शिक्षकांचा रोजचाच अनुभव आहे.

आता कापड. सुती कॅनव्हासातून हवा खेळते. ते भिजले, की धागे फुगतात आणि छिद्रे बुजतात. म्हणून बेताच्या पावसात गळत नाही. मात्र भिजल्यावर ते फार जड होते आणि ओले गुंडाळून ठेवले तर बुरशी धरते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर हलके असते, लवकर वाळते. पण उन्हाने हळूहळू कुजते. त्यातून हवा जात नाही, म्हणून रात्री सगळ्यांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमून पहाटे थेंब पडू लागतात. तंबू गळतो असे आपल्याला वाटते, बरं का! असा तंबू दुहेरी छपराचा आणि समोरासमोर जाळीच्या खिडक्या असलेला घ्यावा. कापडावर २००० मिलिमीटर असा आकडा असेल, तर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते गळू न देता पेलते असे समजावे. शिवणी आणि खालची ताडपत्रीही नीट पाहावी.

तंबू चांगला असून भागत नाही, तो रोवताही आला पाहिजे. मेख तंबूच्या उलट दिशेला कललेली ठोकावी, म्हणजे तणावा ओढला तरी ती उपटत नाही. जागा किंचित उंचावरची निवडावी. नदीपात्रातली सपाट वाळू कितीही मोहक दिसली, तरी तिथे तंबू टाकू नये. डोंगरात पाऊस झाला, की पाणी चोरपावलांनी चढते. वाळक्या फांद्यांच्या झाडाखालीही नको.

आणि एक गोष्ट मुलांना बजावून सांगा. तंबूत चूल, शेगडी, कंदील, मेणबत्ती काही पेटवायचे नाही. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले तर वितळून अंगाला चिकटते. आणि बंद जागेतल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला तो जागे करीत नाही. उजेडासाठी विजेरी पुरे.

तंबू घ्या किंवा भाड्याने आणा. निघण्यापूर्वी एकदा शाळेच्या पटांगणात मुलांकडूनच उभारून घ्या. मेखा मोजा, छपरावर चार बादल्या पाणी ओता आणि आत बसून पाहा. जे उणे असेल ते तिथेच कळेल, आणि घरही जवळच असेल.